गोचिडीचं तिकीट

उकंडरावांनी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आणि गाडीतून उतरवायचा माणसांचा एकही प्रकार शिल्लक ठेवला नाही. दारुडे उतरवले, फुकटे उतरवले, बोकड काखेत मारून चढलेला उतरवला. एकदा तर सख्ख्या साडूला अर्ध्या तिकिटावरून वाशीमच्या अलीकडे माळरानावर उतरवून दिला. तो साडू अजून बोलत नाही. असा हा माणूस निवृत्त झाला आणि स्वतःच्या हातानं एक अशी गाडी सुरू करून बसला की, तिच्यातून एखाद्याला पुढच्या दारानं उतरवावं तर तो मागच्या दारानं पुन्हा आत.

ती गाडी म्हणजे ‘रिसोड गुंतवणूक कट्टा’ हा व्हॉट्सॲपवरचा ग्रुप. बसस्टँडाजवळच्या चहाच्या टपरीवर सात पेन्शनर बसायचे, त्यांनी तो काढला. शेअर बाजारातल्या कंपन्यांचं वाचायचं, समजून घ्यायचं, घाई करायची नाही, एवढाच नियम. सातांचे सतरा झाले तोवर ठीक होतं. मग कुणी तरी त्याची लिंक सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर टाकली आणि महिनाभरात चारशे बारा माणसं भरली. उभे राहायला जागा नाही, आणि बोलणारे सगळे एकदम.

सकाळी पाच वाजल्यापासून फुलं यायची. फुलांवर सुविचार. सुविचारांवर कुणाची तरी गाभण म्हैस, विकणे आहे. तिच्याखाली ‘रॉकेट ३६५’ नावाचा एक इसम रोज सांगायचा की अमुक शेअर सोमवारी दुप्पट होणार. तो सोमवार आला की त्याचे चेले पुढचा सोमवार सांगायचे. कुणी शहाण्यानं विचारलं की बाबा, कशावरून, की त्याच्या शिक्षणापासून चपलेपर्यंत सगळ्याचा उद्धार. उकंडरावांच्या नाकी नऊ आले. त्यांच्या जोडीला दुसरा ॲडमिन होता उदयसिंग. वीस वर्षं यांच्याच गाडीचा ड्रायव्हर. पण उदयसिंग पहिल्यापासून मुखदुर्बळ. स्टिअरिंगवर बसून त्यानं वीस वर्षांत जेवढे शब्द उच्चारले तेवढे उकंडराव रिसोडच्या फाट्यावर एका खेपेत बोलायचे.

या सगळ्या गोंगाटात ज्यासाठी ग्रुपवर राहावं अशी एकच गोष्ट होती. शेलूबाजारच्या केशरबाई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. दर रविवारी सकाळी आठ वाजता त्यांचं टिपण यायचं. पेशंटचा केसपेपर वाचावा तसा त्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायच्या. कुठं सूज आहे, कुठं खरं बाळसं, कुठं नुसताच पावडर लावलेला चेहरा, सगळं दहा-बारा ओळींत. खाली ‘जय भीम’ आणि विषय संपला. हा शेअर घ्या, तो विका, असं त्या कधी सांगत नसत.

उकंडराव या बाईंना मानायचे, आणि त्याला कारण होतं. निवृत्तीची सगळी रक्कम ते रॉकेटच्या एका शेअरवर लावायला निघाले होते. केशरबाईंनी फोन करून तीन प्रश्न विचारले. ही कंपनी बनवते काय, तिचा माल घेतं कोण, आणि मालक स्वतःचा हिस्सा विकून का राह्यला? उकंडरावांना एकाचंही उत्तर देता आलं नाही, म्हणून ते लाजेकाजेस्तव थांबले. दोन महिन्यांत तो शेअर विहिरीत घागर सुटावी तसा गेला. तेव्हापासून रविवारी आठ वाजता उकंडराव आंघोळ करून ओट्यावरच्या बाकावर बसायचे आणि टिपण मोठ्यानं, थांबे पुकारल्यासारखं वाचायचे. शेजारपाजार ऐकायचा. आत तांदूळ निवडता निवडता बायको तुळसाबाईही ऐकायच्या. त्यांनी एकदा म्हटलं होतं की मलाही घ्या ग्रुपवर. उकंडराव हसले होते. तुले त्यातलं काय समजते, असं म्हणून त्यांनी चहा मागितला होता.

तर या केशरबाईंच्या मागे एक गोचीड लागली.

गोचीड हेच तिचं नाव. फोटोच्या जागी बैलाचं वशिंड, आणि नंबर कुणाच्या ओळखीचा नाही. ही गोचीड बाकीच्यांसारखी घाण लिहीत नसे, पण चावायची नेमकी. ‘नर्सबाई, कंपनीचा ताप काखेत मोजता का तोंडात?’ दुसऱ्या रविवारी: ‘तुमच्या कंपन्याइपक्षा आमची म्हैस बरी, दोन टाइम तं देते.’ पन्नास-पन्नास जण हसायचे. खरं सांगायचं तर पहिल्यांदा उकंडरावांनाही हसू आलं होतं आणि ते त्यांनी मिशीत दाबलं होतं. पण गोचिडीनं भोक पाडलं आणि रॉकेटची टोळी त्यात घुसली. म्हातारे, घरी बस. तुझं काम सुई टोचायचं. त्याच्या पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही.

पोळ्याच्या आदल्या रविवारी केशरबाईंच्या टिपणाखाली ‘जय भीम’च्या आधी एक ओळ जास्तीची आली. पुढच्या रविवारचं टिपण शेवटचं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शिव्या ऐकायची हौस उरली नाही.

ती ओळ उकंडरावांनी मोठ्यानं वाचली नाही. आत तांदळाचं सूप थांबलं, पण तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. बाई गेल्या तर मागं काय उरणार? फुलं, म्हैस आणि रॉकेट. आपण सुरू केलेली गाडी भंगारात निघाल्याचं त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. त्यांनी बाईंना फोन केला, गयावया केली. आठ दिवस द्या मले, सिस्टर, सगळ्याइले सरळ करतो, असं वचन देऊन बसले.

मग त्यांनी कंडक्टरकी काढली. सोमवारी गोचिडीला उतरवलं. मंगळवारी गोचीड ‘गोचीड दुसरी’ या नावानं लिंकवरून परत चढली. रॉकेटला उतरवलं तर तीन रॉकेटं आली. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी संतापून मोबाइलात कुठलं तरी बटण दाबलं आणि काय आश्चर्य, ग्रुप चिडीचूप. बुधवारी फूल नाही, म्हैस नाही, शिवी नाही. उकंडराव मिशीला पीळ देत टपरीवर गेले आणि शिस्त कशी लावावी यावर त्यांनी अर्धा तास भाषण दिलं. गुरुवारी दुपारी उदयसिंगानं त्यांच्या हातातून मोबाइल घेतला, पाहिला, आणि फक्त एवढंच सांगितलं की ॲडमिनशिवाय कुणाला लिहिताच येत नाही असं तुम्ही करून ठेवलंय. म्हणजे दोन दिवस रिकामी गाडी पळवून उकंडराव म्हणत होते, प्रवासी फार गुणी. त्यांनी ते बटण परत फिरवलं आणि अडीचशे मेसेज एकदम धडाडधड येऊन पडले. त्यात निम्मी फुलं होती, दोन दिवसांची थकलेली.

शुक्रवारी पोळा. रिठदला उकंडरावांच्या धाकट्या भावाकडं बैलजोडी होती, म्हणून दोघं नवरा-बायको दरवर्षीप्रमाणे तिकडं गेले. तुळसाबाईंनी जावेबरोबर बैलांची पूजा केली, पुरणपोळीचा घास दिला. संध्याकाळी सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या आणि झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे दोन बाजूंच्या बैलवाल्यांनी गावासमोर एकमेकांची यमकात काढलेली खरडपट्टी. पाटलांकडच्या गड्यानं समोरच्याकडं बोट करून सुरुवात केली:

“झूल आणली उसनी, घुंगरू आणले मांगून,
बैल दमला गावाले मालकाची फुशारकी सांगून!”

गाव खदखदलं. समोरचा गडी घाबरतोय थोडाच. त्यानं फेटा सावरला:

“उसनी तं उसनी झूल, पण बैल माया ताठ,
तुया बैलाले उभा कराले मानसं लागले आठ!”

पुढं घरातली भांडणं निघाली, हुकलेली लग्नं निघाली, पतसंस्थेची निवडणूक निघाली. पण एक बोलताना दुसरा गप्प. ज्याचं यमक कच्चं पडलं तो हरला, आणि गावानं त्याला हसून घेतलं. तोरण तुटल्यावर तेच दोघे गडी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालताना उकंडरावांनी पाहिले आणि जागच्या जागी थबकले. अरे, शिव्या तर याही शिव्याच. मग यात कुणाचं रक्त का निघत नाही? कारण बोलणारा समोर उभा आहे. त्याचं तोंड दिसतं, आवाज त्याचा आहे, आणि तो कुणाचा कोण हे सगळ्या गावाला माहीत आहे. शिवाय यमक जुळवायला डोकं लागतं, आणि डोकं लावेपर्यंत निम्मा राग उतरतो.

परतीच्या जीपमध्ये उकंडराव स्वतःशीच हसत होते. सवयीनं त्यांनी माणसं मोजली, चौदा भरली. शेजारी तुळसाबाई सहज म्हणाल्या की शेवटच्या गड्याची झडती फसली, ‘वावरा’ला ‘नवरा’ जोडायचा होता, त्यानं भलतंच जोडलं. तुळसाबाईंचे वडील माणिकराव हे त्यांच्या गावचे नावाजलेले झडतीवाले. पोळ्याच्या आधी पंधरा दिवस घरात यमकांचा रियाज चालायचा आणि ही पोरगी चुलीपाशी बसून सगळं पाठ करायची. पण तोरणाखाली बायका बोलत नाहीत, त्यामुळं ते सगळं पोटातच राहिलं होतं. उकंडरावांनी हं म्हटलं. ते आपल्याच नादात होते.

शनिवारी सकाळी कट्ट्यावर नियम लागला. ज्याला कुणाची काढायची आहे त्यानं खुशाल काढावी, पण लिहून नाही. स्वतःच्या आवाजात, यमकात, झडतीसारखी. आधी नाव, गाव, बापाचं नाव. समोरच्याचा जबाब येईपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. लिहून शिवी देणारा गाडीतून खाली. आजपासून डबल बेल.

पहिला तासभर शांतता. उकंडरावांनी बटण दोनदा तपासून पाहिलं. मग पहिला आवाज आला तो उदयसिंगाचा, आणि उकंडरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. घसा खाकरून, नाव-गाव-बाप सांगून, तो मुखदुर्बळ माणूस कडाडला:

“सकाळी सकाळी फूल धाडते, दुपारी धाडते चहा,
आरं कंपनीचा अहवाल कदी उघडून तं पहा!”

वीस वर्षांचं साठलेलं होतं ते. त्यानंतर जो दणका उडाला त्याला तोड नाही. फूलवाल्यानं उदयसिंगाच्या ब्रेकवर झडती केली. म्हैसवाल्यानं म्हशीच्या वतीनं उत्तर दिलं. रिठदच्या एका मास्तरानं स्वतःच्याच बुडालेल्या शेअरवर सहा ओळी म्हटल्या आणि शेवटी हुंदका दिला, तो खरा की खोटा ते कळलं नाही. बारा वाजेपर्यंत लोक जेवण सोडून मोबाइल कानाला लावून बसले. रॉकेटला सगळ्यांनी मिळून बोलावलं, ये बाबा, नाव सांग, गाव सांग, बापाचं नाव सांग. तिन्ही रॉकेटं एका मिनिटात ग्रुप सोडून गेली. त्यांच्यामागं आणखी सव्वीस जण. उकंडरावांनी आनंदानं मांडीवर थाप मारली ती मांडी नंतर तासभर दुखत होती.

राहता राहिली गोचीड. ती गप्प होती, पण ग्रुप सोडून गेलेली नव्हती. उकंडरावांना तीच हवी होती. ती बाईंसमोर येऊन बोलली तर बाई राहतील, असा त्यांचा हिशेब होता.

तीनच्या सुमारास ते ओट्यावर बाकावर बसले असताना गोचिडीचा आवाज आला. पूर्ण दीड मिनिटाचा. उकंडरावांनी बटण दाबलं.

“मी तुळसा, राहनार रिसोड, मानिकराव झडतीवाल्याची लेक.”

उकंडरावांना वाटलं, आपण काही तरी चुकीचं दाबलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तोच आवाज तेच वाक्य घेऊन आला. आपलं नीट गेलं की नाही हे तुळसाबाई आत ऐकून पाहत होत्या. एक तुळसा ओट्यावर, दुसरी तुळसा चुलीपाशी, आणि दोघी एका शब्दाच्या अंतरानं बोलत होत्या:

“बत्तीस वर्सं तिकीट फाडले, मोजली सारी सीट,
घरच्या बाईले म्हंते, कट्ट्यावर तुयं काय तिकीट?

कंपनी म्हंते नफा झाला, गल्ला काहून खाली?
सवाल टाकून सहा महिने झाले, कोनाले जाग आली?

सीधं पुसलं कोनी आयकेना, टोचलं तं झाले गोळा,
नर्सबाई, माफ करा मले, आज खरा माया पोळा.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठ दिवस ज्या गोचिडीला उकंडराव गाडीतून उतरवत होते, ती त्यांना दोन वेळा गरम भाकर वाढत होती. फोन वाजला. पलीकडून उदयसिंग एवढंच म्हणाला, “उकंडराव, ह्या तं वहिनी हायेत,” आणि हसू आवरेना म्हणून त्यानं फोन ठेवून दिला.

तुळसाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पिठाचे. कमरेला मुलीचा जुना मोबाइल खोचलेला, नंबर मात्र नवा.

“उतरवता का आता गाडीतून?” त्यांनी विचारलं.

असला प्रवासी उकंडरावांना बत्तीस वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी कारण विचारलं, एकाच शब्दात. “काहून?”

“तुमी घेतलं नाही, तं मी लिंकवरून आली. म्हयनाभर नुसतं वाचलं. मंग एक सवाल टाकला, सीधा. त्याच्याखाली तुमीच लिव्हलं, नवीन सदस्यांनी आधी वाचावे, मग बोलावे.” तुळसाबाईंनी हाताचं पीठ झटकलं. “दुसऱ्या दिवशी म्या मस्करी केली, तं पन्नास जन हासले. मले वाटलं, इथलं तिकीट हेच हाये. मी नुसतं टोचलं वो. लचके दुसऱ्याइनं तोडले. बाई जाऊन राह्यली हे वाचलं तवापासून माया घशाखाली घास उतरला नाही.”

उकंडरावांनी मोबाइल मागं मागं सरकवला. जुलै, जून, मे, पार मार्चपर्यंत. साठ फुलांच्या खाली तो प्रश्न होता. कंपनी नफा वाढला म्हंते, मग हातात पैसा काहून आला नाही? आणि त्याच्याखाली त्यांचाच शिस्तीचा शेरा, शेवटी हात जोडलेले. त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी चष्मा काढून ठेवला. बायकोचा राग आला नव्हता. आपणच तिला माळरानावर उतरवून पुढं निघून गेलो होतो, आणि मागं वळूनही पाहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे जबाब त्यांनी द्यायचा होता. संध्याकाळपर्यंत ते ‘तुळसा’ला यमक शोधत होते. ‘कळसा’ सापडला, पण तो आपल्यालाच लागू पडतो हे लक्षात आल्यावर त्यांनी नाद सोडला.

केशरबाईंकडून मात्र रात्रीपर्यंत अक्षर आलं नाही. दोघंही नीट जेवली नाहीत.

रविवार उजाडला. आठ वाजले. उकंडराव आंघोळ करून बाकावर येऊन बसले. तुळसाबाई आत सूप घेऊन बसल्या होत्या, सुपात तांदूळ नव्हते. आठ वाजून दोन मिनिटांनी केशरबाईंचा आवाज आला, कट्ट्यावर पहिल्यांदा. दवाखान्यात नंबर पुकारायच्या त्या खड्या सुरात:

“तीस वर्सं सुया टोचल्या, कोनी म्हनलं नाही उई,
तुया एका गोचिडीनं मले रडवलं, तुळसाबाई.

निघाली होती कट्ट्यावरून, बांधली होती थैली,
सवाल आयकून तुया, बाई, पुन्हा मोकळी केली.”

पाठोपाठ टिपण आलं. नेहमीपेक्षा तिप्पट लांब. वर मथळा: ‘गोचिडीचा सवाल’. तुळसाबाई, सहा महिन्यांत या ग्रुपवर मला आलेला हा पहिला खरा प्रश्न, आणि तो माझ्याही नजरेतून सुटला. उत्तर देते. त्याआधी एक गोष्ट. ताप काखेतच मोजते. ‘शेवटचं’ हा शब्द टिपणात कुठंच नव्हता. उकंडरावांनी दोनदा शोधला.

त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं. मग मिटलं. ते बाकाच्या कडेला सरकले. बत्तीस वर्षं अख्ख्या तालुक्याला पुढे सरका, पुढे सरका म्हणून ओरडलेला माणूस पहिल्यांदा स्वतः सरकला.

“ये वो,” त्यांनी आत हाक मारली. “खिडकीपाशी जागा हाये.”

तुळसाबाई पदराला हात पुसत आल्या आणि ऐसपैस बसल्या. मोबाइल त्यांनी नवऱ्याच्या हातातून आपल्या हातात घेतला. दोघं वाचू लागले, ते मोठ्यानं, त्या मनात. चौथ्या ओळीवर तुळसाबाईंनी बोट ठेवलं.

“थांबा. हे पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या. “इथं मले अजून एक सवाल हाये.”